शेजाऱ्याची ओळख हाच खरा पहारा

आपल्या घराच्या दाराकडे एकदा लक्षपूर्वक पाहा. आतून कडी, बाहेरून कुलूप, त्यापुढे लोखंडी जाळीचे दुसरे दार आणि शहरात राहत असाल तर जिन्यावर कदाचित कॅमेराही असेल. संरक्षणासाठी आपण पुष्कळ खर्च करतो, आणि तो व्यर्थ आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु आता स्वतःला आणखी काही प्रश्न विचारून पाहा. समोरच्या दारामागे कोण राहते? त्या घरातील वृद्ध माणसांची मुले कोठे असतात? मध्यरात्री तेथून किंकाळी ऐकू आली तर आपण काय कराल? आणि ती आपल्याच घरातून उठली तर कोण धावून येईल?

पोलीस बहुधा गुन्हा घडल्यावर येतात. तो घडण्यापूर्वी आणि घडत असताना जवळ असतो तो शेजारी. म्हणून गुन्हेगारी रोखण्याचा विचार करताना शेजाऱ्यांना वगळून चालत नाही. ह्या लेखात आपण तीन प्रश्नांचा विचार करू. शेजारी एकत्र आल्याने गुन्हे खरोखरच टळतात काय? असे एकत्र येणे केव्हा घातक ठरते? आणि आपण जेथे राहतो तेथे आजपासून काय करू शकतो?

भिवंडीचा अनुभव

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे शहर आहे. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून पोटासाठी आलेले कामगार तेथे दाटीवाटीने राहतात. हिंदू आणि मुसलमान वस्त्या एकमेकींना लागून आहेत. १९७० च्या मे महिन्यात तेथे भीषण दंगल झाली. तिची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा दंगल उसळली आणि ती ठाणे व मुंबईपर्यंत पसरली. त्या दंगलीत दोनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. भिवंडीचे नाव घेताच लोकांना दंगलच आठवावी, अशी त्या शहराची अवस्था झाली.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे हे तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. शांतता समित्या त्यापूर्वीही होत्या. परंतु त्या बहुधा प्रतिष्ठित नागरिकांच्या असत आणि सणाच्या आधी किंवा तणाव निर्माण झाल्यावर भरत. खोपडे ह्यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या स्थापन केल्या. त्यांत दोन्ही समाजांची माणसे बरोबरीने घेतली, आणि ही माणसे त्या त्या वस्तीत राहणारी सामान्य माणसे होती. बैठकांना पोलीस ठाण्यातील कर्मचारी नियमितपणे बसू लागले. संकटाची वाट न पाहता लोक वरचेवर भेटू लागले, आणि लहानसहान तंटे पेटण्यापूर्वीच तेथे मिटू लागले.

ह्या कामाची कसोटी लवकरच लागली. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. त्यानंतर डिसेंबरमध्ये आणि पुन्हा जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत दंगली झाल्या. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार त्यांत ९०० माणसे मृत्युमुखी पडली. मुंबईच्या इतक्या जवळ असलेली, पूर्वी दोनदा होरपळलेली भिवंडी मात्र ह्या वेळी शांत राहिली.

असे का झाले? अफवा कशी चालते ह्याचा विचार केला की उत्तराची दिशा सापडते. "पलीकडच्या गल्लीतले लोक हत्यारे जमवीत आहेत," असे कोणी येऊन सांगते. पलीकडच्या गल्लीत आपल्या ओळखीचे कोणीच नसेल तर ते खोटे कसे ठरवणार? परंतु तेथील चार माणसांबरोबर आपण महिन्यातून एकदा बसत असू, त्यांच्या घरचे आजारपण आणि लग्नकार्य आपल्याला ठाऊक असेल, तर आपण आधी त्यांनाच जाऊन विचारू. जेथे विचारपूस करण्याची वाट खुली असते तेथे अफवेला फार दूर जाता येत नाही.

मुंबईनेही हा धडा घेतला. दंगलींनंतर पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि समाजकार्यकर्त्या सुशोभा बर्वे ह्यांच्या पुढाकाराने तेथेही मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली.

एक गोष्ट मात्र विसरू नये. ५ जुलै २००६ रोजी भिवंडीत पोलीस ठाण्याच्या जागेच्या वादावरून पुन्हा हिंसाचार झाला. पोलिसांच्या गोळीबारात आणि जमावाच्या हातून माणसे मेली, त्यांत दोन पोलीस शिपाई होते. शेजाऱ्यांचा विश्वास हा एकदा बांधून कायमचा सोडून देण्याची वास्तू नाही. शेताच्या बांधाप्रमाणे त्याची दरवर्षी डागडुजी करावी लागते.

अभ्यासकांना काय आढळले?

एका शहराच्या अनुभवावरून नियम ठरवणे घाईचे होईल. म्हणून दूरच्या एका मोठ्या अभ्यासाकडेही पाहू. अमेरिकेतील शिकागो शहरात रॉबर्ट सॅम्पसन, स्टीफन रॉडनबुश आणि फेल्टन अर्ल्स ह्या अभ्यासकांनी १९९५ मध्ये ३४३ वस्त्यांतील ८,७८२ रहिवाशांना प्रश्न विचारले. मुले शाळा बुडवून कोपऱ्यावर उभी राहिली, कोणी भिंतींवर रंग फासू लागला, घरासमोर मारामारी झाली, तर शेजारी मध्ये पडतील काय? आपल्या शेजाऱ्यांवर विश्वास ठेवता येतो काय? ते एकमेकांच्या मदतीला येतात काय?

१९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. जेथे रहिवाशांचा परस्परांवर विश्वास होता आणि सर्वांच्या हितासाठी मध्ये पडण्याची तयारी होती, तेथे हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण कमी आढळले. वस्तीच्या गरिबीचा परिणाम हिशेबात धरल्यानंतरही हा फरक उरला. गरीब वस्ती म्हणजे गुन्हेगारांची वस्ती, असा सरसकट समज किती अन्यायाचा आहे हेही ह्यावरून दिसते.

लक्षात घ्या, त्या प्रश्नांत बंदुकीचा किंवा काठीचा उल्लेख नव्हता. विचारले होते ते विश्वासाबद्दल आणि शाळा बुडवणाऱ्या मुलाला कोणी हटकते की नाही ह्याबद्दल. मुलाला हटकण्याचा अधिकार आपल्याला कोण देते? त्याच्या आईवडिलांची ओळख. ओळख नसेल तर आपण मान खाली घालून पुढे निघून जातो.

पहारा केव्हा घातक ठरतो?

आता विषयाची दुसरी बाजू पाहिली पाहिजे, कारण एकत्र आलेले शेजारी नेहमीच चांगले काम करतात असे नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षेसाठी आले होते. मुले पळवणारी टोळी फिरत आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून पसरली होती. जमावाने त्यांना पकडले आणि ठार मारले. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे चोर आल्याच्या अफवेतून दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशा तिघांची जमावाने हत्या केली.

ह्या दोन्ही ठिकाणच्या लोकांना, आपण गावाचे रक्षण करीत आहोत, असेच वाटत असावे. मुलांची काळजी खरी होती, चोरांची भीतीही खरी होती. परंतु समोरच्या माणसाला तो कोण, कोठला, हे शांतपणे विचारून पोलिसांच्या स्वाधीन करण्याइतका धीर कोणी धरला नाही. गुन्हा टाळण्यासाठी जमलेले लोक स्वतःच सर्वांत भयंकर गुन्ह्याचे भागीदार झाले. भिवंडीत लोक ओळख वाढवण्यासाठी एकत्र आले होते. येथे ते संशयाने एकत्र आले. पहाऱ्याच्या मुळाशी ह्या दोहोंपैकी काय आहे, ते प्रत्येक वस्तीने तपासले पाहिजे.

कायद्याने घातलेली मर्यादाही आपल्याला ठाऊक असावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे, आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य नागरिक पकडू शकतो. परंतु त्याला विनाविलंब, अधिकात अधिक सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करावे लागते. नुसत्या संशयावरून कोणाला डांबून ठेवण्याची, त्याची झडती घेण्याची किंवा त्याला मारण्याची मुभा कोणालाही नाही. जमावाकडून होणाऱ्या हत्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी कडक निर्देश दिले. भारतीय न्याय संहितेत वंश, जात, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या हत्येसाठी मृत्युदंडाची किंवा जन्मठेपेची तरतूद आहे.

आपापल्या घरासमोरची भिंत

पवित्र शास्त्राच्या वाचकांना ह्या विषयावर नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय आठवेल. तो नुसत्या नावांचा अध्याय म्हणून आपण पुष्कळदा घाईने वाचून टाकतो. यरुशलेमेची तटबंदी पडलेली होती आणि नगर कोणाच्याही हल्ल्याला उघडे होते. ती तटबंदी कोणी बांधली? याजकांनी, सोनारांनी, सुगंधी द्रव्ये बनवणाऱ्यांनी, व्यापाऱ्यांनी. शल्लूम नावाच्या एका अधिकाऱ्याबरोबर त्याच्या मुलीही कामाला लागल्या. कित्येकांविषयी तेथे नोंद आहे की त्यांनी आपल्या घरासमोरचा भाग दुरुस्त केला. त्यांच्या शेजारी दुसरा, त्याच्या शेजारी तिसरा, असे करीत बावन्न दिवसांत काम पुरे झाले. एका गावच्या सरदारांनी मात्र कामाला खांदा दिला नाही, आणि तेही तेथे नमूद आहे.

चौथ्या अध्यायात पहारा येतो. काही जण काम करीत, काही जण शस्त्र घेऊन उभे राहत, आणि कर्णा वाजला की सर्वांनी तेथे जमायचे असे ठरले होते. पण पाचवा अध्यायही वाचा. तटबंदीच्या आतच सावकार आपल्या गरीब बांधवांची शेते गहाण ठेवून घेत होते आणि त्यांची मुले दास्यात जात होती. नहेम्याने भिंतीचे काम चालू असतानाच हा अन्याय समोर आणला. बाहेरच्या शत्रूवर नजर ठेवणाऱ्या वस्तीने आतल्या अन्यायाकडे डोळेझाक करू नये, हा त्या अध्यायाचा बोध आजही तितकाच लागू पडतो.

आपला शेजारी कोण, ह्या प्रश्नाचे उत्तर प्रभू येशूने एका गुन्ह्याच्या गोष्टीतूनच दिले, हेही ध्यानात घ्या. लुटारूंनी घायाळ केलेला प्रवासी, बाजूने निघून गेलेले दोन मान्यवर आणि थांबलेला एक परका, ही ती गोष्ट. म्हणून ख्रिस्ती कुटुंबांनी केवळ आपल्या मंडळीतील घरांची साखळी करून थांबणे पुरेसे नाही. आपण कोलकात्यात असा, बडोद्यात असा की बंगळुरात, आपल्या जिन्यावर जे कोणी राहतात ते आपले शेजारी होत, मग त्यांची भाषा आणि प्रार्थनास्थळ कोणतेही असो.

आपण काय करू शकता?

पहिली पायरी ओळखीची आहे. आपल्या मजल्यावरील किंवा आळीतील दहा घरांची यादी करा. कोण एकटे राहते, कोण आजारी आहे, कोणाच्या घरी दिवसभर लहान मुलेच असतात, हे जाणून घ्या आणि दूरध्वनी क्रमांक एकमेकांना द्या. नवा भाडेकरू आला तर त्याच्याकडे संशयाने पाहण्याआधी पाण्याची वेळ सांगायला जा. पहारेकरी, मोलकरीण, इस्त्रीवाला, भाजीवाला ह्यांनाही ह्या ओळखीत घ्या. रस्त्यावर काय चालते ते आपल्यापेक्षा त्यांनाच अधिक दिसते. परंतु काही चोरीस गेले की पहिला संशय त्यांच्यावर घेतला जातो. ज्याला आपण मान देतो तो आपल्याला वेळीच सावध करतो.

दुसरी गोष्ट म्हणजे लहान कामे हाती घ्या. जिन्यातील बंद पडलेला दिवा, वाटेवर माजलेली झुडपे, दार तुटलेली ओस खोली ह्यांबद्दल चार घरांनी मिळून नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला अर्ज द्यावा. एकट्याची तक्रार बाजूला पडते, पण पंधरा सह्यांच्या अर्जाची दखल घेतली जाण्याचा संभव अधिक असतो. शिवाय सह्या गोळा करताना पंधरा दारे उघडतात, हा लाभ वेगळाच.

तिसरी गोष्ट एकट्या राहणाऱ्या वृद्धांविषयी आहे. अलीकडे त्यांना फसवण्याचा एक नवा प्रकार निघाला आहे. मोबाइलवर गणवेशातील माणूस दिसतो. "तुमच्या नावावर गुन्हा आहे, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, कोणालाही सांगू नका," असे तो धमकावतो आणि आयुष्यभराची पुंजी दुसऱ्या खात्यात वळवून घेतो. अशी अटक आपल्या कायद्यात अस्तित्वातच नाही. फसवणाऱ्याचा सारा जोर "कोणालाही सांगू नका" ह्या शब्दांवर असतो, कारण घाबरलेल्या माणसाला शेजाऱ्याचे एक वाक्य भानावर आणू शकते. म्हणून दिवसातून एकदा त्या दारावर थाप मारा. फसवणूक झालीच तर १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ कळवण्यास मदत करा. जितक्या लवकर कळवावे तितकी पैसे थांबवता येण्याची आशा अधिक.

चौथी गोष्ट सर्वांत कठीण आहे. कित्येक गुन्हे बंद दाराआड होतात. पलीकडे बाईला मारहाण होते आणि आपण "तो त्यांच्या घरचा प्रश्न आहे" असे म्हणून दूरदर्शनचा आवाज वाढवतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ४ प्रमाणे कोणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला अशी माहिती देऊ शकते, आणि ती सद्हेतूने दिली असल्यास तिच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. मुलांच्या लैंगिक शोषणाविषयी तर २०१२ चा पोक्सो कायदा अधिक कडक आहे. असा गुन्हा घडल्याचे ठाऊक असूनही न कळवणे हाच दंडनीय अपराध आहे. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि कोणत्याही तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक जिन्यावर ठळक अक्षरांत लावा. त्याहून सोपेही एक काम आहे: मारहाणीचा आवाज आला की दोघांनी मिळून त्या दाराची घंटा वाजवावी आणि साखर मागावी. निमित्त कोणतेही असो, आपल्याला कोणी ऐकत आहे हे मारणाऱ्याला कळले पाहिजे.

पाचवी गोष्ट पोलिसांशी संबंध ठेवण्याची. आपल्या भागाचे बीट अंमलदार कोण, खेड्यात असाल तर पोलीस पाटील कोण, हे माहीत करून घ्या आणि काही घडण्यापूर्वीच त्यांना बैठकीस बोलवा. ह्या बाबतीत इतर राज्यांचेही अनुभव आहेत. तमिळनाडूत प्रतीप फिलिप ह्या अधिकाऱ्याने १९९३ मध्ये रामनाथपुरम जिल्ह्यात नागरिकांना पोलिसांचे मित्र म्हणून जोडून घेण्याची योजना सुरू केली. केरळात २००८ मध्ये जनमैत्री सुरक्षा योजना आली. तिच्यात पोलीस घरोघरी जाऊन रहिवाशांची ओळख करून घेतात.

शेवटची गोष्ट अफवेची. मोबाइलवर आलेला भीतिदायक संदेश पुढे पाठवण्यापूर्वी पोलीस ठाण्यात विचारा. रात्री गस्त घालायचे ठरले तर आधी पोलिसांना कळवा आणि गस्तीचा एकच नियम करा: पाहायचे, कळवायचे, हात उचलायचा नाही.

सारांश

कुलूप चोराला थोडा वेळ अडवते आणि कॅमेरा नंतर त्याचा चेहरा दाखवतो. परंतु घाबरलेल्या वृद्धाला भानावर आणणे, मार खाणाऱ्या बाईच्या दाराची घंटा वाजवणे, अफवा ऐकून पलीकडच्या गल्लीत विचारायला जाणे, अनोळखी भिक्षेकऱ्यावर उगारलेला हात धरणे ही कामे शेजारीच करू शकतो, आणि तेही आधीची ओळख असेल तरच. ह्या आठवड्यात ज्या घराशी आपली अजून ओळख नाही अशा एका घराचे दार वाजवा. तेथून आरंभ होऊ शकतो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. भिवंडीतील मोहल्ला समित्या पूर्वीच्या शांतता समित्यांहून कोणत्या बाबतींत वेगळ्या होत्या?

२. राईनपाडा आणि गडचिंचले येथील घटना टाळण्यासाठी त्या क्षणी एक माणूस काय करू शकला असता?

३. नहेम्याच्या पुस्तकातील तिसरा, चौथा आणि पाचवा अध्याय एकत्र वाचल्याने पहाऱ्याविषयी कोणता बोध मिळतो?

४. आपल्या वस्तीत एकटे राहणारे किंवा कोणाच्याही ओळखीचे नसलेले कोण आहे? त्यांच्याकडे कोण, कोणत्या दिवशी जाईल?